फौजीच्या घरी तान्हे बाळ



आपल्या वऱ्हाडात फौजेत मुलगा असलेले घर शोधायला फार लांब जावे लागत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील कोणत्याही मोठ्या गावाच्या पारावर चौकशी करा. ‘अमक्याचा पोरगा मिलिटरीत आहे’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यात आपल्या भागातील तरुण गेले आणि आजही जातात. अमरावतीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ आहे. तेथील जवानांच्या घरीही कर्ता पुरुष महिनोन्‌महिने बंदोबस्तावर असतो. अशा घरांविषयी आपण बोलतो ते बहुधा भरती, बदली, कँटीन आणि पेन्शन यांविषयी. त्या घरात पाळणा हलू लागला की त्या बाळाच्या दुधाचे काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आज मला त्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे. कारण बाप सीमेवर असताना बाळाजवळ असतो तो आपण, म्हणजे आजी आणि आजोबा.

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत माझी नोकरी झाली. यजमान फौजेत होते. आता मुलगा आहे. त्यामुळे या विषयाकडे मी बाळंतीण म्हणून पाहिले, सेविका म्हणून पाहिले आणि आता आजी म्हणून पाहते आहे.

फौजीच्या घराची गोष्ट इतर घरांहून थोडी वेगळी असते. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती कधी मिळेल हे मात्र पलटणीच्या गरजेवर ठरते. सीमेवरील नेमणुकीत कुटुंब सोबत नेता येत नाही. मग सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, समजा अमरावतीला जाते; जवान पंधरा-वीस दिवस येऊन बाळाचे तोंड पाहून परततो; आणि दोन-तीन महिन्यांनी ती तान्ह्या बाळाला घेऊन सासरी, समजा अकोल्याला येते. येथे नवरा नसतो. आपल्याला काय होते आहे हे जिच्याशी मोकळेपणाने बोलावे असे हक्काचे माणूस नसते. अशा वेळी ‘दूध पुरत नाही वाटते’ हे घरातील वडील बाईचे एक वाक्य त्या मुलीला खचवू शकते, आणि ‘पुरते आहे, पाजत राहा’ हे दुसरे वाक्य तिला तारून नेते. नोकरीच्या काळात मी कितीतरी घरांत हे पाहिले. डॉक्टरांचा सल्ला दवाखान्यातच राहतो. घरी सासूचा शब्द चालतो. म्हणून हा लेख सुनांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

आधी मूळ नियम सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले सरकार या दोघांचेही म्हणणे एकच आहे. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावे. पहिला पिवळसर घट्ट चीक टाकून देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. आणि पुढे वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजत राहावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना निव्वळ आईचे दूध मिळत असल्याचे आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. सुधारणा झाली आहे, पण तीन बाळांमागे एकाला आजही दुसरे काहीतरी दिले जाते.

ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा पाणी. वऱ्हाडचा उन्हाळा आपण जाणतोच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, आणि आजीचे मन म्हणते, ‘आपल्याले घटकाघटकाले तहान लागते, मग लेकराले लागत नसन काय?’ मन चांगले आहे, पण हिशोब चुकतो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा आणि थोडा थोडा वेळ पिते, ते आपली तहान भागवण्यासाठीच. त्याचे इवलेसे पोट आपण पाण्याने भरले तर तेवढे दूध कमी जाते, आणि दूध कमी ओढले गेले की आईच्या अंगावर ते कमी तयार होते. म्हणून पाणी द्यायचेच असेल तर ते बाळाच्या आईला द्यावे. ती पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या, ताक किंवा पन्हे ठेवणे हे आजीचे काम. बाळगुटी आणि मध यांचाही मोह टाळावा. मधात काही वेळा अशा जंतूंचे बीज असते की ते एका वर्षाखालील बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आता दूध येते कसे, हे समजून घेऊ. कारण फौजीच्या घरातील खरी अडचण येथेच आहे. या कामी आईच्या शरीरात दोन संप्रेरके राबतात. एकाचे नाव प्रोलॅक्टिन. बाळ ओढू लागले की ते स्रवते आणि दूध तयार करते. जितके ओढावे तितके दूध तयार होते, आणि रात्रीच्या पाजण्याने याला विशेष जोर येतो. दुसरे ऑक्सिटोसिन. तयार झालेले दूध ते पुढे ढकलते. त्यालाच आपल्या बाया ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. हे दुसरे संप्रेरक फार हळवे आहे. बाळाचा वास, त्याचे रडणे, नुसती त्याची आठवण एवढ्यानेही ते स्रवते. आणि भीती, वेदना, अपमान किंवा काळजी यांनी ते अडते. म्हणजे चिंतेत असलेल्या आईचे दूध आटलेले नसते, अडलेले असते. दूध आहे, वाट बंद आहे. हा फरक घरातील वडील माणसाला कळला तर पावडरीचा डबा घरात येत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात हे मी माझ्याच घरात अनुभवले. २२ एप्रिलला पहलगामची घटना घडली आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले. त्या दिवसांत रजेवर आलेल्या अनेक जवानांना परत बोलावले गेले. माझा मुलगाही त्यांतलाच. नात अडीच महिन्यांची होती. अकोला स्थानकावर त्याला निरोप देऊन आम्ही घरी आलो, आणि पुढे त्याचा फोन लागेना. टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत सुरू. भोंगे, नकाशे, आरडाओरडा. सून एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा मोबाईलवर ठेवून पाजायला बसायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात छातीशी लागली की रडून तोंड बाजूला करू लागली. सून म्हणाली, “आई, दूधच येत नाही हो.” शेजारच्या एक बाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी काळजीपोटीच सांगितले, “वं माय, तिचं दूध आटलं. लेकराले डबा सुरू करा, उपाशी ठेवू नका.”

मी त्यांना चहा दिला आणि टीव्ही बंद केला. यजमानांना सांगितले की बातम्या बाहेर ओट्यावर मोबाईलवर ऐका, आणि आपल्या कामाचे असेल तेवढेच आत येऊन सांगा. त्यांनीही ते पाळले. कूलरसमोरच्या खोलीत सुनेला टेकून बसवले. बाळाला केवळ लंगोटावर तिच्या उघड्या छातीवर ठेवले आणि वर पातळ सुती पदर टाकला. पाजण्याचा आग्रह धरला नाही. दोघींना नुसते तसेच पडू दिले. मी मागे बसून तिच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी वरून खाली हळूहळू चोळत राहिले. अर्ध्या-पाऊण तासाने नातीने स्वतःच तोंड लावले. त्यानंतर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, तिला छातीशी लावायचे असे ठरवले. रात्रीची ढेकर काढणे, लंगोट बदलणे, बाळाला परत निजवणे हे मी घेतले. सुनेने फक्त पाजायचे आणि डोळे मिटायचे. ओले लंगोट मी एका दोरीवर वेगळे वाळत घालीत असे, म्हणजे मोजायला सोपे. पहिल्या दिवशी पाच भरले, तिसऱ्या दिवशी आठ.

१० मेच्या संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला आणि त्यानंतर मुलाचा फोन आला. पण पान्हा त्याच्या आधीच्या रात्रीच मोकळा झाला होता, हे मी मुद्दाम सांगते आहे. नवरा सुखरूप असल्याची खात्री तिला तेव्हा मिळालेली नव्हती, आणि ती खात्री कोणीच तिला देऊ शकत नव्हते. घर शांत ठेवणे, तिला खाऊ-पिऊ घालणे, बाळ तिच्या अंगाला लावणे आणि तिच्या मागे बसणे एवढेच आमच्या हाती होते. आणि तेवढे पुरले. सीमेवर काय घडावे हे आपल्या हाती नाही. घरातला टीव्ही मात्र आपल्या हाती आहे.

‘दूध पुरते की नाही’ हे ओळखण्याची साधी खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. बाळ रडते म्हणजे ते उपाशीच आहे असे नाही. गरम होते म्हणून, कुशी हवी म्हणून, पोटात वारा धरला म्हणूनही ते रडते. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, दोन आठवड्यांच्या आत बाळाचे जन्माच्या वेळचे वजन भरून आले असेल, आणि पुढे पहिल्या काही महिन्यांत रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमने वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात महिन्याला वजन करून तक्त्यावर मांडून घ्यावे. लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडले, टाळू खोल गेली किंवा ते ओढेनासे झाले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ती दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालये याच कामासाठी आहेत.

काही मातांना काही कारणाने वरचे दूध द्यावे लागते, हे मी जाणते. तशा आईला दोष देणे हे पाप आहे. पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, शेजाऱ्यांनी किंवा दुकानदाराने नव्हे. आपल्या देशात १९९२ पासून असा कायदा आहे की बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. कायद्याने ज्याची जाहिरात थांबवली, त्याची शिफारस आपण तरी तोंडी का करावी? आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरींचे आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, आणि पाणी कितीही उकळले तरी क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणारी नसते. त्यातून डबा महाग म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा घालणारी घरेही मी पाहिली आहेत. आईच्या दुधाला पाणी शोधावे लागत नाही, भांडे घासावे लागत नाही आणि चमचा मोजावा लागत नाही.

आतापर्यंत जवानाच्या पत्नीविषयी बोलले. पण आता वऱ्हाडातील लेकी स्वतःही गणवेश घालू लागल्या आहेत, आणि तेथे प्रश्न निराळा आहे. लष्करी परिचारिका सेवेत मुली पूर्वीपासून होत्या; मात्र त्यांच्या संसाराला त्या नोकरीत जागा नव्हती. सेलिना जॉन या परिचारिका अधिकाऱ्याला १९८८ साली लग्न केले एवढ्याच कारणाने सेवेतून कमी केले गेले. त्यामागचा नियम १९९५ मध्ये मागे घेण्यात आला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई चुकीची ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लग्नच चालत नव्हते, तेथे बाळाला पाजण्याची गोष्ट कोण काढणार? १९९२ पासून इतर शाखांतही महिला अधिकारी येऊ लागल्या. २०२१ च्या मे महिन्यात लष्करी पोलीस दलात ८३ महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. महिला अधिकाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत प्रत्येक वेळी १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत ३६० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हीच तरतूद महिला सैनिक, नौसैनिक आणि हवाई योद्ध्यांनाही लागू करण्यास मंजुरी दिली. पद लहान असो वा मोठे, बाळाची भूक सारखीच असते, हे त्या निर्णयाने मान्य केले.

तरीही १८० दिवसांचा हिशोब आजीने बोटांवर करून ठेवावा. लेकीने बाळंतपणाआधी महिनाभर रजा घेतली असेल, तर ती कामावर परतते तेव्हा बाळ पाचच महिन्यांचे असते. सहा महिने पूर्ण व्हायला महिना उरलेला असतो. रायगडावरच्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी नातवंडांना सांगितली आहे. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले; नियम आईसाठी थांबला नाही, म्हणून ती तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचे कौतुक करतो आणि तिच्या नावाने एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्षही उभे राहिले. पण आपल्या लेकीवर कडा उतरण्याची वेळ येऊ नये, यासाठी काय करता येईल, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

करण्यासारखे पुष्कळ आहे. कामावर जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजावे. रात्री तर बाळ जवळच असू द्यावे. कामाच्या वेळी दर तीन तासांनी स्वच्छ धुतलेल्या हातांनी दूध काढून ठेवावे, नाहीतर छातीत गाठी होतात आणि हळूहळू दूध कमी होते. काढलेले दूध उकळून घेतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे आणि त्यावर वेळ लिहावी. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकते. पण आपल्या मे महिन्यात खोली २५ अंशांची कुठली? म्हणून उन्हाळ्यात ते लगेच फ्रीजमध्ये, दारात न ठेवता आत मागे ठेवावे. फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते असे शास्त्र सांगते. वीज वारंवार जाणाऱ्या घरात चोवीस तासांत संपवावे, असे मी सांगेन. माठाजवळचा गारवा फ्रीजची जागा घेऊ शकत नाही. वर साय आल्यासारखे दिसले तर दूध नासले असे समजू नये. भांडे हलकेच हलवले की ते एक होते. गरम करताना दूध गॅसवर चढवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवावे. उष्टे उरलेले पुन्हा ठेवू नये.

पाजायला बाटली नको. आपल्या आजीचे चांदीचे बोंडले कपाटात असेल तर ते काढायला हरकत नाही, पण त्याची चोच आतून स्वच्छ करणे कठीण. त्यापेक्षा साधी वाटी-चमचा बरी. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि त्याला स्वतः चाटून-ओढून घेऊ द्यावे. दूध तोंडात ओतू नये. हे काम आजोबाही उत्तम करतात. चष्मा लावून, शांतपणे, घाई न करता. मी पाहिले आहे.

अशा वेळी आपल्यापैकी कितीतरी जण लेकीबरोबर छावणीत राहायला जातात. बडनेऱ्याला गाडीत बसून जम्मू, पठाणकोट, जोधपूरपर्यंत गेलेल्या वऱ्हाडी आज्या मला ठाऊक आहेत. साठी-सत्तरीत परमुलखात, परभाषेत, कडाक्याच्या थंडीत किंवा वाळूत बाळ सांभाळणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून दोन शब्द आपल्याच तब्येतीविषयी. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या किमान दोन महिन्यांच्या सोबत घ्याव्यात आणि चिठ्ठीची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी. बाळाला उचलताना कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवून, बाळाला छातीशी घेऊन उठावे. बाळ निजले की आपणही आडवे व्हावे. त्या वेळात घर आवरण्याचा हट्ट धरू नये. खोकला-ताप असेल तर बाळ एक-दोन दिवस दुसऱ्याकडे द्यावे. थकवा आला तर सांगावे. न सांगता आजारी पडलेली आजी लेकीची काळजी दुप्पट करते.

बाळंतिणीच्या ताटाविषयी आपल्याला काही शिकवायला नको; तरी एवढे सांगते की पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, बाळंतशोपा हे सारे चांगलेच. पण त्याबरोबर ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, दूध-दही आणि खात असल्यास अंडी यांचे पोटभर जेवण हवे. ‘हे खाऊ नको, बाळाला बाधेल’ ही यादी जितकी छोटी तितके बरे. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या चुकवू देऊ नयेत. छातीत गाठ आली, लाली आणि ताप आला, तरी त्या बाजूने पाजणे थांबवू नये. थांबवल्याने गाठ वाढते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता एक जड गोष्ट. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात केंद्रीय राखीव दलाचे ४० जवान गेले, त्यांतील दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते तेव्हा गाव लोटते, आणि त्या गर्दीत घरात पाजणारी आई असेल तर तिच्याकडे पाहायला कोणाला भान नसते. अशा घरात जाण्याची वेळ आलीच, तर आपल्यासारख्या वयस्क बायांनी सांत्वनाची वाक्ये बोलण्याऐवजी तिच्याजवळ बसावे. बाळाला तिच्यापासून दूर नेऊ नये. ‘दुःखाचे दूध बाधते’ हा निव्वळ गैरसमज आहे. तिला दर थोड्या वेळाने पाणी, पेज द्यावी. बाळ छातीशी असणे हाच त्या वेळी दोघांचा आधार असतो. पान्हा अडेल, पण बाळ ओढत राहिले तर परत येईल.

दुःख नसतानाही काही बाळंतिणी उदास होतात. पहिल्या आठवड्यातील रडू आपोआप ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. ‘टेली मानस’ ही सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी तिचा खास कक्षही डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आहे.

आजोबांसाठीही कामे आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. ती करून दाखला मुलाकडे पाठवावा, म्हणजे पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि बाळाचे नाव कागदोपत्री चढते. कामठीच्या लष्करी रुग्णालयात पुढे उपचार घ्यायचे झाले तर याची गरज पडते. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. आणि मुलाचा फोन आला की त्याला एक गोष्ट शिकवावी. ‘बाळ बारीक दिसते का?’ हे बायकोला विचारू नको. ‘तू छान सांभाळते आहेस’ एवढे म्हण. रेंज दोनच मिनिटे मिळाली तरी हे वाक्य त्यात बसते.

वाचकहो, सहा महिने म्हणजे फार मोठा काळ नव्हे. त्यानंतर बाळाचा मामा येईल, उष्टावण होईल, मऊ वरण-भात आणि ज्वारीची पेज सुरू होईल, आणि अंगावरचे दूधही सोबत चालू राहील. तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी जीभ गोड ठेवावी, टीव्हीचा आवाज लहान ठेवावा आणि बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला ठेवावा. आपला मुलगा देशाची राखण करतो याचा आपल्याला अभिमान असतो. त्याच्यामागे त्याच्या लेकराची आणि लेकराच्या आईची राखण आपण करायची असते, आणि ती आपल्याला या वयातही उत्तम जमते.